कपातून बाहेर पडेपर्यंत

आमच्या घरातले तीन पिढ्यांचे पुरुष बोटीवर गेले. चौथ्या पिढीतला माझा मुलगा लियाकत शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बसला. आणि पाचवी पिढी काय करते, तर शुक्रवारी संध्याकाळी मैदानात उतरून लोकांच्या पोरींना आडव्या पाडते. पाचवी पिढी म्हणजे माझी नात यम्ना. वय पंचवीस, कुरियर कंपनीच्या ऑफिसात कामाला, बोलणं मधासारखं आणि खांदे असे, की दाराला धक्का लागला तर दारानेच सॉरी म्हणावं.

तिच्या खेळाचं नाव रग्बी लीग. नुसतं रग्बी म्हटलं की चिडते. "दादी, लीग म्हण. द अदर वन इज टोटली डिफरंट." असेल बाई. मला तर तो आपला हुतूतूच वाटतो. फरक एवढाच, की पळणारीच्या काखेत एक लांबुडकं कलिंगड दिलेलं असतं. समोरच्यांनी धरून पाडलं की उठायचं, चेंडू पायाने मागे सारायचा आणि परत पळायचं. सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांचा. हाताने चेंडू फक्त मागे द्यायचा, पळायचं मात्र पुढे. असं करत करत पलीकडच्या टोकाची रेषा ओलांडून चेंडू जमिनीला टेकवला, की चार गुण. हे मी तुम्हाला एका दमात सांगितलं, पण मला समजायला दोन वर्षं आणि यम्नाचा एक दात लागला.

तर झालं असं. दोन हजार वीसचा फेब्रुवारी. जुम्याची नमाज पढून लियाकत घरी आला होता, सुरमईचं कालवण ताटात पडलं होतं, आणि यम्नासाठी विचारायला रास अल खैमाहून मैमुनाबीचा फोन आला. मैमुनाबी आमच्या श्रीवर्धनकडची. तिचा अर्सलान तिकडे टाइल्सच्या कारखान्यात इंजिनियर. मुलगा चांगला, हे मी आजही म्हणेन. कमावता, नमाजी, आईपुढे आवाज न चढवणारा, आणि तिशीला टेकूनही डोक्यावरचे केस शाबूत. गल्फात राहून, इथलं पाणी डोक्यावर घेऊन केस टिकवले, म्हणजे पोरात काहीतरी आहेच.

मी फोन ठेवला आणि यम्नाकडे बघितलं. तिने सुरमईचा काटा काढता काढताच सांगून टाकलं, "नॉट नाऊ, दादी. आफ्टर द कप."

"तुझा कप संपणार कधी?"

"डिपेंड्स. नॉकआउट आहे. हरलो की बाहेर."

"एकदाच हरायचं?"

"एकदाच. खलास."

माझी सून कुबरा, म्हणजे यम्नाची आई, टेबलाखालून मला पाय मारत होती, की अम्मा, पकडा. मी पकडलं. भरल्या ताटावर सगळ्यांदेखत शब्द दिला: यम्ना कपात आहे तोवर या घरात स्थळाचं नाव निघणार नाही, आणि ती कपातून बाहेर पडली, की दुसऱ्या दिवशी मैमुनाबी आणि अर्सलान चहाला येणार. यम्ना हात धुऊन आली आणि माझ्या तळव्यावर टाळी मारून गेली. "डील."

मी काही डोळे मिटून शब्द दिला नव्हता. त्यांची टीम मी पाहिली होती. नाव हुदहुद, त्या तुऱ्याच्या पक्ष्यावरून. खेळायला दोन एअरहोस्टेस, शाळेतल्या टीचर, आणि एक दातांची डॉक्टर, जिला अर्धं गिऱ्हाईक टीममधूनच मिळत असावं. म्हटलं, एक शुक्रवार, फार तर दोन.

पहिल्या शुक्रवारी जिंकल्या. म्हटलं, चालायचंच. दुसऱ्या वेळी अबू धाबीहून आलेल्या टीमला असं लोळवलं, की त्यांच्या बसवाल्यालाच वाईट वाटलं. यम्ना दारातूनच ओरडली, "सेमीफायनल!" कुबराने मला स्वयंपाकघरात गाठलं. "अम्मा, ही जिंकतच सुटली तर?"

"जिंकत नाही. आता समोर कोण आहे बघ."

समोर दुबई मरीनाची टीम होती. सहा-सहा फुटी इंग्रज नि ऑस्ट्रेलियन पोरी, त्यांचा कोच वेगळा, मालिशवाला वेगळा, पाण्यात घालायची पावडर वेगळी. कुबराचा जीव भांड्यात पडला. मार्चच्या मध्यावरचा शुक्रवार ठरला. तिने हॉलचे पडदे बदलले. तिकडे मैमुनाबीने पिस्त्याची मिठाई सांगून ठेवली.

आणि ती बिमारी आली.

सगळं बंद. शाळा बंद, मशिदी बंद, विमानं बंद. रात्री रस्त्यावर फवारणी, बाहेर पडायला परमिट, आणि सरकारी इशारा आला की मोबाइल असा कोकलायचा, की झोपलेला माणूस कलमा पढायला लागावा. कपवाल्यांनी निरोप पाठवला: पुढचं कळवेपर्यंत सामने थांबवले आहेत.

मैमुनाबीचा फोन आठवड्यातून एकदा ठरलेला.

"मरियमबी, कप संपला का हो?"

"थांबलाय."

"थांबला म्हणजे संपलाच की!"

"बंद पडलेली गाडी आणि भंगारात काढलेली गाडी एक असते का, मैमुनाबी? माझ्या लियाकतच्या दुकानात येऊन विचारा."

आणि यम्ना? ती घरातल्या घरात फुलत होती. बाल्कनीत तांदळाची गोण खांद्यावर घेऊन उठाबशा, हॉलमध्ये गादी उभी करून तिला टक्कर. वर तिसऱ्या मजल्यावर पुण्याची आभा राहते, बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, तिने एकदा फोन करून विचारलं, "आजी, भूकंप झाला का?" कुबरा स्थळाचं तोंडावर आणायला लागली, की यम्ना दोन्ही हात वर करायची. "मम्मा, टेक्निकली आय ॲम स्टिल इन द सेमीफायनल."

मार्चचा एप्रिल झाला, रमजान घरातच गेला, ईद फोनवरच झाली. पोरगी आपली सेमीफायनलमध्येच. उन्हाळ्यात कुबराचा धीर सुटला. "अम्मा, एवढी मोठी आफत आलीय. आफतीत शब्द माफ असतो."

"आफतीत रोजा माफ असतो," मी म्हटलं. "शब्द नाही."

ऑक्टोबर संपताना यम्नाचा मोबाइल वाजला आणि ती सोफ्यावर उभीच राहिली. कप पुन्हा सुरू! पण नियम बदललेले. तेराऐवजी नऊ-नऊ जणींचा सामना. प्रत्येकीची नाकातली टेस्ट. प्रेक्षक नाहीत. टीमबरोबर मदतीला फार तर दोन माणसं. ज्याची त्याची पाण्याची बाटली, मैदानात पाय टाकेपर्यंत तोंडाला मास्क. पंधरा दिवसांनी शुक्रवारी सेमीफायनल.

दिवसभर ती फोनवर होती. संध्याकाळी बघते, तर चपलांच्या कपाटावर बसलेली, मोबाइल मांडीवर पालथा.

"काय झालं?"

"सहाच आहोत, दादी."

एअरहोस्टेसींच्या नोकऱ्या गेल्या, त्या आपापल्या देशी गेल्या. टीचर शाळा बंद झाल्यावर सुट्टीला म्हणून गेल्या त्या तिकडेच अडकल्या. सहा उरल्या.

"मग?"

"मग फॉरफिट. न खेळता हरलो. नऊ नाहीत, तर मरीना डायरेक्ट फायनलला."

कुबराने हे आतून ऐकलं आणि ती लागलीच बेडरूमचं दार लोटून फोनवर. पाचच मिनिटांत मैमुनाबीचा मला फोन. "मुबारक हो, मरियमबी! बघा, आपोआप सुटलं!"

आपोआप. हा शब्द मला असा टोचला म्हणून सांगू! आणि त्यात भर म्हणून, मरीनावाल्यांच्या मॅनेजर बाईचा निरोप यम्नाच्या मोबाइलवर आला. आवाज असा गोड, की कानाला मुंग्या लागाव्यात. "नो वरीज, गर्ल्स. वी टोटली अंडरस्टँड."

"काय म्हणते ती?"

"म्हणते, आम्ही समजू शकतो."

"काय समजू शकते?"

यम्नाने खांदे उडवले. "की आपल्याकडे माणसं नाहीत."

शारजात माणसं नाहीत! आमच्या एका बिल्डिंगीत लिफ्टसाठी उभं राहावं, तर तीन जिल्हे नि चार राज्यं भेटतात. आता मी काही देवमाणूस नाही. स्थळ मला हवं होतं, आणि कुबरापेक्षा जास्त हवं होतं. गप्प बसले असते तर दुसऱ्या दिवशी चहा होता. पण मी शारजाच्या मार्केटमध्ये बांगडासुद्धा भाव केल्याशिवाय घेत नाही. आणि नातीची हार फुकटात घेऊ? ती पण मरीनावाल्यांची दया म्हणून? हरायचं असेल तर मैदानात हर. चिखल लागू दे, वाळू लागू दे, काय लागायचं ते लागू दे, पण हार.

"किती कमी पडतात?"

"तीन."

"पळणाऱ्या हव्यात की पाडणाऱ्या?"

"दादी, नो."

"पाडणाऱ्या मी आणते."

आधी तिसऱ्या मजल्यावर गेले. आभाने दार उघडलं. वरून कोट, खाली पायजमा, कानात वायर.

"आभा, तू पुण्याला कबड्डी खेळायचीस ना?"

"आजी, ते कॉलेजात. आता मी व्हाइस प्रेसिडेंट आहे."

"कोणाची?"

"बँकेची."

"बँक पळून जाते का? मग?"

तेवढ्यात आतून तिची जुळी पोरं एकदम किंचाळली, "मम्मा, द इंटरनेट इज डाउन अगेन!" आभाने मागे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "आजी, प्रॅक्टिसला रोज किती वेळ घराबाहेर राहावं लागेल?"

एक झाली.

पाचव्या मजल्यावरच्या शोभनाचं वय बेचाळीस, पण लग्नाआधी मुंबईत क्लबकडून कबड्डी खेळलेली, मनगट अजून पोलादी. तिचा नवरा सूर्यकांत मध्येच बोलला, "मावशी, हे काय वय आहे का? हाडबीड मोडलं म्हणजे?" शोभनाने भांड्यावरचा हात काढला नाही. "मार्चपासून तिन्ही त्रिकाळ रांधून कंबर मोडलीच आहे, आता हाड मोडलं तर निदान चार दिवस निजायला मिळेल. मावशी, किती वाजता येऊ?"

तिसरी रुखसार. दापोलीकडची, सत्तावीस वर्षांची, नवरा लियाकतच्या शेजारच्या दुकानात. शाळेत असताना तिने चढाईत अख्ख्या तालुक्याला पळवलं होतं, हे मला तिच्या सासूने तक्रार म्हणून सांगितलं होतं. पोर लाजाळू, बोलते ते ओढणीशी. "मरियमखाला, पूर्ण बाह्या, लांब विजार, डोक्याला टोपी, चालेल?"

"चालेल. मी विचारलंय."

"आणि इतक्या अनोळखी बायका... मला काही सुचायचं नाही. तुम्ही असाल तर येते. तुमचा आवाज आला की मला बरं वाटेल."

"माझा आवाज?" मी म्हटलं. "तो अजमानपर्यंत जातो."

बिल्डिंगीमागे वाळूची मोकळी जागा आहे, लोक गाड्या लावतात. तिथे प्रॅक्टिस. यम्ना शिट्टी घेऊन मध्ये, आणि या तिघी मास्क लावून समोर. पहिल्या दिवशी आभाने चेंडू तीन वेळा पुढे फेकला आणि तिन्ही वेळा सॉरी म्हणाली. रुखसार चेंडू घेऊन निघाली की मास्कच्या आत काहीतरी पुटपुटायची. यम्नाने विचारलं, "आर यू प्रेइंग?" कसलं प्रेइंग! कबड्डी-कबड्डी चाललं होतं. आणि शोभनाने तर कमाल केली. यम्ना तिच्या अंगावरून जायला लागली, तर ती बाजूला झाली, खाली वाकली आणि एका हाताने पाय धरून पोरीला अशी आपटली, की वाळूत तोंडाचा ठसा उठला.

"व्हॉट वॉज दॅट?" यम्ना तोंडातली वाळू थुंकत म्हणाली.

"घोटा," शोभना म्हणाली. "लागलं का गं?"

"नो. डू इट अगेन."

सूर्यकांत बाल्कनीतून टाळ्या वाजवत होता. दातांना लावायचं प्लास्टिक मात्र सगळ्यांना घ्यावं लागलं. एकाचे साठ दिरहम, म्हणजे बाराशे रुपये! बाराशे रुपयांत आमच्याकडे लोक दात काढून घेतात.

सामन्याच्या संध्याकाळी मदतनीस म्हणून मी गेले. गेटवरचा गार्ड कपाळाला ते ताप मोजायचं पिस्तूल लावून म्हणतो, "मॅडम, एज?" साठीच्या पुढच्यांना आत सोडायचं की नाही, याचा त्याच्या मनात घोळ होता.

"उनसठ," मी म्हटलं. कधीतरी होतेच की.

मैदान हिरवंगार, दिवे लख्ख, आणि पायऱ्या सगळ्या रिकाम्या. एक माणूस नाही. इकडे कोणी खोकलं तर तिकडच्या टोकाचे वळून बघत होते. मरीनाची मॅनेजर बाई लांबूनच हात हलवून म्हणाली, "सो ब्रेव्ह ऑफ यू टू कम!" मी मास्कच्या आतून हसले. मास्कचा तो एक फायदा.

सुरुवातीलाच त्यांच्या एका घोडीने आमच्या तिघींना अंगावर घेत रेषा ओलांडली. चार गुण, वर लाथेने मारलेल्या चेंडूचे दोन. सहा झाले. आता गंमत बघा, आठ-नऊ महिने जी हार व्हावी म्हणून मी बसले होते, ती समोर आली तर मला ती बघवेना. मी बाटल्या सोडून उठले. "शोभना! पायात शीर!"

मग शोभना पायात शिरली. मरीनाच्या पोरींना छातीवर टक्कर घ्यायची सवय. खाली कोणी वाकेल हे त्यांना माहीतच नाही. सहा फुटांचं झाड घोट्याला धरलं की कसं कोसळतं! एक पडली, दुसरी पडली, तिसरी पडायच्या आधीच थांबून पायांकडे बघायला लागली. त्यांचा कोच ओरडत होता, "व्हॉट इज शी डुइंग?" आभाने चेंडू न चुकता मागे दिला, यम्नाने तो घेतला आणि दोघींना अंगावर वाहून नेत टेकवला. चार.

दुसऱ्या डावात त्यांनी आणखी चार केले, दहा झाले. आमच्या दातांच्या डॉक्टरने कोपऱ्यातून घुसून चार केले, आमचे आठ. लाथेने मारायचे दोन्ही चेंडू आमचे हुकले होते. म्हणजे आता एकदा टेकवला की जिंकलो, नाहीतर बाहेर. घड्याळात शेवटचं मिनिट.

चेंडू रुखसारकडे आला.

ती पोर कशी पळाली, काय सांगू! डावीकडे झुकली, उजवीकडून गेली. एकीच्या हाताखालून, दुसरीच्या बाजूने, आणि समोर मोकळं. मैदानाच्या त्या टोकाची रेषा तिने ओलांडली. चेंडू काखेत. आता फक्त खाली टेकवायचा. आणि मला काय दिसलं? मला दिसलं, की आपली पोर एकटी त्यांच्या हद्दीत शेवटपर्यंत आत गेलीय आणि तिघी तिला कोंडायला धावतायत. माझ्या डोळ्यांपुढून तो चेंडूच गेला. लहानपणापासून हुतूतू बघताना जे ओरडत आले, ते माझ्या नरड्यातून बाहेर पडलं:

"रुखसार! माघारी ये! माघारी ये!"

पायऱ्यांवर हजार माणसं असती तर माझा आवाज त्यात विरून गेला असता. कोणी नव्हतं. तो आवाज मैदानाच्या त्या टोकाला जसाच्या तसा पोचला.

रुखसारने ऐकलं. ती गर्रकन वळली आणि चेंडू काखेत घेऊन आली तशी माघारी पळाली. धावत आलेल्या तिघी जागीच थिजल्या. त्यांनी जन्मात असं बघितलं नव्हतं. यम्ना ओरडतेय, "नो! नो! डाउन! पुट इट डाउन!" रुखसार कोणाच्या हाती लागली नाही. थेट मैदानाच्या मधल्या रेषेपर्यंत आली, रेषेला हात लावला, चेंडू बाजूला ठेवला आणि लाल झालेल्या चेहऱ्याने माझ्याकडे बघून हसली. "खाला, आले!"

भोंगा वाजला. दहा-आठ.

मरीनावाल्या फायनलला गेल्या. ती फायनल पुढे हिवाळ्यात बिमारी वाढल्यावर परत बंद पडली. त्याचं मला फार दुःख झालं असं मी म्हणणार नाही. त्या संध्याकाळी आमच्या पोरींनी आपापल्या बाटल्या गोळा केल्या. आभा आणि शोभना रुखसारला धरून गाडीकडे घेऊन गेल्या. तिला तोवर कळलं होतं, आणि ती टोपी नाकापर्यंत ओढून रडत होती.

यम्ना गाडी चालवत होती, मी मागे. नियमाप्रमाणे काचा उघड्या. शारजाचा पूल आल्यावर तिने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"दादी, वन क्वेश्चन. मुद्दाम?"

माझ्या उभ्या आयुष्यात मला चोर कोणी म्हटलं नव्हतं. नाही म्हणायला गेले, तर आपलं नाही म्हणणंसुद्धा मला खोटं ऐकू यायला लागलं. स्थळ कोणाला हवं होतं? मला. ओरडलं कोण? मी. दुकानदाराच्या गल्ल्यात हात घातलेला माणूस सापडला आणि म्हणाला, की मी धूळ पुसत होतो, तर मी तरी ऐकलं असतं का?

"नाही," मी म्हटलं.

"ओके." आणि थोड्या वेळाने, "डील इज डील. बोलव त्यांना."

शनिवारी सकाळी कुबराचा उत्साह काय विचारता! सांदणांचं पीठ फुगून वर आलं होतं, मैमुनाबीला सामन्याच्या सगळ्या गोष्टीसकट फोन झाला होता, पाहुणे संध्याकाळी पाच वाजता येणार होते. यम्ना गुडघ्यावर मटारची गोठलेली पिशवी बांधून बाहेर आली आणि दोन ड्रेस माझ्यासमोर धरले.

"दादी, निळा की पिस्ता?"

या मुलीने पाळण्यातून उतरल्यापासून कपड्यांचं मला कधी विचारलं नव्हतं. तिच्या तोंडावर राग असता तर मी सांभाळून घेतला असता; रागाशी माझं जुनं जमतं. पण ती शहाण्यासारखी उभी होती, दिलेल्या शब्दाला जागून. मी चहाचा कप खाली ठेवला. मी उठले, मोबाइल उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्यावर लावला.

"मैमुनाबी, आज येऊ नका."

"अगं बाई! का? पोर बाहेर पडली ना कपातून?"

"पडली नाही. मी पाडली. माझ्या तोंडाने हरली ती."

"तोंडाने तर तुम्ही भल्याभल्यांना हरवलंय, मरियमबी. त्यात नवीन काय?"

"नवीन हे, की मी दिलेला शब्द असा होता, ती हरली तर. ती हरलेली नाही. तेव्हा माझा शब्द पुरा झालेला नाही, आणि तुम्हाला बोलवायचा मला हक्क नाही."

"आणि आमच्या मिठाईचं काय करू? माझ्या मुलात काय उणं आहे?"

"काही उणं नाही. म्हणून तर असा लबाडीने मिळवलेला नको. तुम्हाला थांबायचं तर थांबा, दुसरीकडे बघायचं तर खुशाल बघा. मी वाईट मानणार नाही."

तिकडे मागून पुरुषाचा आवाज आला. "अम्मी, त्यांना विचार ना, ती पोरगी खरंच चेंडू घेऊन मधल्या रेषेपर्यंत पळाली?" आणि जे हसू फुटलं ते आईने दाबायच्या आत आमच्या हॉलभर झालं. मैमुनाबी म्हणाली, "गप रे!" आणि फोन कट.

कुबरा पिठाच्या भांड्यात हात घालून उभी. "अम्मा! हातातलं स्थळ!"

"माझ्या हातात कुठे होतं? आणि आता तुझ्याही हातात नाही."

यम्ना ड्रेस खुर्चीवर टाकून माझ्याशेजारी बसली. "दादी, तू त्यांना नाही म्हणालीस?"

"हो म्हणायचा मला हक्क नाही, तसा नाही म्हणायचाही नाही. ते आता तू म्हण. कधी म्हणायचं तेही तूच ठरव. कपाशी त्याचा संबंध नाही."

"अँड यू वोन्ट आस्क?"

"विचारणार नाही."

"मम्मा पण नाही."

"तिचं मी बघते."

यम्नाने मटारची पिशवी गुडघ्यावर नीट बसवली. "मग आत्ता नाही," ती म्हणाली. "नाही असं नाही. पण आत्ता नाही. आणि मुद्दाम नव्हतं, हे मला काल पुलावरच कळलं होतं. तुझा चेहरा बघून."

"मग काल का नाही सांगितलंस?"

"एक रात्र टेन्शन घे ना तू पण."

पीठ भिजलेलंच होतं, म्हणून सांदणं झाली. गरम सांदणं डब्यात भरून यम्ना आणि मी रुखसारच्या मजल्यावर गेलो. बऱ्याचदा बेल मारल्यावर दार दोन बोटं उघडलं. डोळे सुजलेले.

"खाला, मला टीममधून काढलं ना?"

मी बोलणार, तेवढ्यात यम्नाने डबा तिच्या हातात दिला. "मंडेला प्रॅक्टिस. पण आधी हे. हा बॉल. ती लिफ्ट, ती त्यांची लाइन. जा, टेकव, अँड स्टे देअर. यल्ला!"

रुखसारने ओढणी खोचली. कॉरिडॉरमधून चपला फटफटवत पळाली आणि लिफ्टपाशी डबा दोन्ही हातांनी फरशीवर टेकवला. मग मान वळवून, वाकलेल्या वाकलेलीच, तिने माझ्याकडे बघितलं, की आता काय?

मी ओठ घट्ट मिटून घेतले आणि यम्नाकडे बोट दाखवलं.